बोकडाचे पैसे आणि आमच्या कमिटीची वही
ओहायोत येऊन १२ वर्षं झाली, पण काउंटी फेअरच्या (जिल्ह्याच्या जत्रेच्या) लाइव्हस्टॉक म्हणजे जनावरांच्या कमिटीची खजिनदार होईन असं कधी वाटलं नव्हतं. लेक फोर-एचमध्ये, म्हणजे पोरांना शेती, जनावरं पाळणं वगैरे शिकवणाऱ्या क्लबात गेली, तिनं बोकड पाळला आणि तिच्या मागोमाग मीही त्यात आले. फोर-एचचं मूळ इथलंच बरं का, १९०२ साली स्प्रिंगफील्डला ए. बी. ग्रॅहमनी शाळेतल्या पोरापोरींचा शेतीक्लब काढला तिथून.

आमच्यात पगारी कुणी नाही. सगळं नोकरी, घर सांभाळून.

आता लिलावाचं. पोरं आपली पाळलेली जनावरं जत्रेत लिलावात विकतात. बोकडाला बाजारात समजा २५० डॉलर आले असते, तर गावातला दुकानदार पोराच्या कौतुकानं ९०० पर्यंत बोली लावतो. पण पैसे शेवटी पोराला जातात, म्हणून वरचे ६५०सुद्धा करात दान म्हणून दाखवता येत नाहीत, हे मी दरवर्षी समजावून सांगते. चेक आधी कमिटीच्या खात्यात येतो, ३ टक्के खर्चाला कापून बाकीचे पोराला. म्हणजे ऑगस्टमध्ये खातं भरलेलं दिसतं पण त्यातला जवळपास सगळा पैसा आपला नसतोच! हे विसरून तंबू, ट्रॉफी, जनावरांच्या कुंपणाची दुरुस्ती असं करत गेलं की मग पोरांचे चेक अडकतात. म्हणून मी लिलावाचं खातं वेगळंच काढायला लावलं, आणि प्रत्येक चेकवर दोन सह्या.

मी यायच्या आधी एक घोळ झाला होता. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर कर खात्याचा ९९०-एन नावाचा अगदी छोटा फॉर्म संस्थेनं दरवर्षी ऑनलाइन भरायचा असतो, १० मिनिटांचं काम, पण लागोपाठ ३ वर्षं राहिला की करसवलत आपोआप जाते. आमची गेली. पैसे कुणी खाल्ले नव्हते, आधीचे खजिनदार आजारी होते आणि पत्रं त्यांच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली. नव्यानं अर्ज, २७५ डॉलर फी, आणि तेवढे महिने देणगी मागायची चोरी. आता कमिटीचा पत्ता म्हणजे पोस्टातली पेटी, आणि १५ मे ही फॉर्मची शेवटची तारीख तिघांच्या फोनमध्ये आहे.

आमचा नियम आहे, खरेदीदाराला लिहिलेलं आभाराचं पत्र आणल्याशिवाय चेक नाही. यंदा ११ वर्षांचा एक मुलगा पत्रासोबत खर्चाची वहीपण घेऊन आला, करडाचे, खुराकाचे, मिठाच्या विटेचे पैसे पेन्सिलीनं मांडलेले, आणि खाली ‘आजीचे उसने १८०’. चेक हातात दिला तर त्यानं तिथंच वहीत त्या ओळीवर काट मारली.