पोर्टलवरची तारीख आणि कायद्यातली तारीख
वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखानदाराला आज प्रत्येक मोठ्या ग्राहक कंपनीचे वेगळे पोर्टल सांभाळावे लागते: माल निघण्यापूर्वी रवानगीची सूचना, खोक्यांवर बारकोड, आणि वार्षिक उलाढाल 5 कोटींहून अधिक असेल तर 1 ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइसही, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल. या शिस्तीने चुका कमी होतात, हे मला मान्य आहे. खटकते ते वेगळेच. माल गेटमधून आत जातो, पण पोर्टलवर त्याची पोच, म्हणजे जीआरएन, काही ठिकाणी कित्येक दिवसांनी पडते आणि देयकाची मुदत तिथून मोजली जाते. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा मात्र सांगतो की, 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोहोचला तोच दिवस स्वीकृतीचा; आणि सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत लेखी करारानेही त्या दिवसापासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने ते मागायला माणूस कचरतो. म्हणून गेटवर शिक्का मारलेली, मालासोबतच्या डिलिव्हरी चलनाची प्रत पुरवठादाराने जपावी, आणि बारकोड गेटवर वाचला जाताच पोच आपोआप उमटेल, अशी सोय ग्राहक कंपनीने करावी.