बरणीतले जंत

तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं नमुने तपासते आहे. संडासचा नमुना लोक काडेपेटीतून आणतात, औषधाच्या डबीतूनही आणतात. त्या सकाळी मात्र टेबलावर लोणच्याची काचेची बरणी आली. आत पाण्यात वीतभर लांबीचे, तपकिरी, पीळ पडलेले दोर.

"हिच्या पोटातनं पडले, मॅडम. कुठल्या जातीचे ते सांगा. अजून आत असतील," नवरा म्हणाला. बायको बाकावर बसून पदराने वारा घेत होती.

व्हिडिओ बघून मागवलेलं चूर्ण ती एकवीस दिवस घेत होती. डबा पिशवीतच होता, त्यावर छापलेलं: इसबगोल, बेंटोनाइट माती, वावडिंग. आधी जंत पडू देत, मग रक्त वाढेल, म्हणून दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या तिने थांबवल्या होत्या. वावडिंगाशी माझं भांडण नाही, माझ्या आजीने आम्हाला ते दिलं होतं. राग आला तो या थांबवलेल्या गोळ्यांचा.

दोराचा तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली ठेवला. जंत म्हणजे प्राणी. त्याला कातडी असते, आत अवयव असतात. इथे नुसता बुळबुळीत गर, वनस्पतीच्या पेशी आणि मातीचे कण. नवऱ्याला पटेना. मग डब्यातलं चमचाभर चूर्ण पेल्यात पाणी घेऊन ढवळलं. दहा मिनिटांत तो लगदा फुगून घट्ट झाला. काडीने उचलला तर काडीलाच लोंबला. पोटात हाच गोळा आतड्याचा आकार घेत होता. तो पेल्याकडे बघत राहिला, बोलला काहीच नाही.

माझं लक्ष तिच्या नखांकडे गेलं. पांढरीफटक. डॉक्टरांना फोन करून हिमोग्लोबिन केलं: ६.८, फारच कमी. संडासचा ताजा नमुना मागितला. ताजाच हवा, कारण दिवसभर राहिला तर अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात आणि ओळखायला घोटाळा होतो. सलाईनच्या थेंबात पहिल्याच नजरेत दिसली. पातळ कवचाची, लांबट गोल, आत चार-आठ पेशींचा पुंजका. हुकवर्मची अंडी. हा किडा जेमतेम सेंटिमीटरभर, आतड्याला चिकटून रक्त पितो. डोळ्यांना दिसेल असा सहसा पडतच नाही.

ती पोफळीच्या बागेत मजुरीला जाते. सावली, कायम ओल, आणि चप्पल रुतते म्हणून अनवाणी. अळी कातडीतूनच शिरते. पायांना खाज येते ती चिखल्यांची, असं तिला वाटायचं. शाळेत दरवर्षी जंताची गोळी मिळते ती १ ते १९ वर्षांच्या मुलांना. तिच्या दोन्ही मुलांनी घेतली होती. आईचं वय चौतीस, तिला कोणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी अल्बेंडाझोल हे जंताचं औषध दिलं आणि लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. संडास काळी होईल, घाबरून बंद करू नका, हे मी तिला दोनदा सांगितलं.

महिन्याने ती एकटीच आली. हिमोग्लोबिन ८.९. पायात रबरी बूट होते, नवऱ्याने आणलेले. रिपोर्ट पिशवीत ठेवून तिने आणखी एक डबी काढली.

"सासूबाईंचं आहे. त्याही माझ्याबरोबरच बागेत असतात. आत्ताचंच आहे, अर्धा तास पण नाही झाला."