उभ्याने काढलेला एक्स-रे आणि ‘क्वेरी’: आईच्या गुडघ्याच्या कॅशलेसचा अनुभव

गुडघा बदलायचं ठरलं असेल आणि खर्च विम्यातून कॅशलेस (म्हणजे विमा कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते तसा) करायचा असेल, तर बाकी काहीही करण्याआधी एक्स-रे उभ्याने काढून घ्या. दोन्ही गुडघ्यांचा, समोरून, पायांवर पूर्ण भार देऊन. चिठ्ठीवर ‘स्टँडिंग’ लिहिलंय का ते डॉक्टरांसमोरच वाचा, आणि लिहिलेलं असलं तरी एक्स-रेवाल्याला तोंडाने सांगा. आमची फाईल अडली ती इथेच. ऑपरेशन त्यामानाने सोपं गेलं.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या टोकांवर कूर्चेचं अस्तर असतं. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट. त्या फटीवरूनच किती झीज झाली ते ठरतं. माणूस आडवा असला की गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळे फट बऱ्यापैकी उघडी दिसते. तोच माणूस उभा राहिला की झिजलेल्या बाजूला, बहुतेकांच्या बाबतीत आतल्या बाजूला, हाड हाडाला टेकतं. म्हणजे गुडघा एकच, पण चित्रं दोन.

आम्ही मध्य प्रदेशातले. राजेंद्र नगरातून लांब जायला नको म्हणून आईला घराजवळच्याच एका केंद्रात नेलं. तिथला मुलगा म्हणाला, ‘अम्माजी, लेट जाइए, आराम से हो जाएगा.’ आईला ते बरंच वाटलं. रिपोर्टात आलं ‘माइल्ड डिजनरेटिव्ह चेंजेस’. सर्जनने गुडघा हाताळून, वाकलेला पाय बघून, चालायला लावून ऑपरेशन सांगितलं होतं. पण विमा कंपनीचा डॉक्टर पेशंट बघत नाही, कागद बघतो, आणि कागदावर ‘माइल्ड’ होतं. माइल्डला गुडघा कशाला बदलायचा, हा त्याचा प्रश्न कागदापुरता बरोबरच म्हणायचा.

इथून पुढे टीपीए काउंटर, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेशी व्यवहार करणारी रुग्णालयातली खिडकी. हा काउंटर म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. क्वेरी, म्हणजे मंजुरीआधी कंपनीने काढलेली शंका किंवा मागितलेले कागद, रुग्णालयाच्या पोर्टलवर येते, तुमच्या मोबाईलवर येईलच असं नाही. तुम्ही बाकड्यावर बसून मंजुरीची वाट बघता, आणि तिकडे कंपनी तुमच्या उत्तराची वाट बघत असते. मधला माणूस जेवायला गेलेला. विचारलं की ‘ऊपर से आएगा’. वरून यायचं ते केव्हाच येऊन पडलेलं असतं! म्हणून ‘अप्रूव्हल आलं का?’ असं विचारूच नका. ‘क्वेरी पडली आहे का, पडली असेल तर प्रिंट द्या’ असं विचारा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी मिळतात.

कागदावर नियम चांगला आहे. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. पण क्वेरी पडली की ते घड्याळ थांबतं, निदान काउंटरवर तरी तसंच ऐकवतात. गुडघा काही अपघात नाही, तारीख आधी ठरलेली असते. तेव्हा फाईल भरतीच्या चार-पाच दिवस आधीच पाठवायला लावा. भरती झाल्यावर क्वेरी पडली तर खोलीचं भाडं चालू आणि पेशंट उपाशीपोटी.

आमच्या क्वेरीत चार गोष्टी मागितल्या होत्या: उभ्याने काढलेला एक्स-रे, झिजेची ग्रेड, आधी केलेल्या उपचारांचे कागद आणि तक्रार कधीपासूनची ते. ग्रेड म्हणजे एक्स-रेवरून झीज मोजायची केलग्रेन-लॉरेन्स मोजपट्टी, ० ते ४, ४ म्हणजे सगळ्यात जास्त झीज. गुडघा बदलायची वेळ साधारण ३ किंवा ४ वर येते. ही ग्रेड रेडिओलॉजिस्टने रिपोर्टात लिहिली नसेल तर सर्जनने चिठ्ठीत लिहायची. आमच्या दोघांनीही लिहिली नव्हती. नव्या एक्स-रेत आतल्या बाजूची फट पार नाहीशी झालेली, ग्रेड ४. क्वेरीचं उत्तर लेटरहेडवर, सही, शिक्का आणि डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह लागतं, आणि सर्जन सकाळभर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात. त्यांच्या असिस्टंटला धरा. मजकूर तयार करून तो ओटीच्या दारातून सही आणून देतो, काउंटरवाल्याकडून ते होत नाही.

चौथी मागणी सगळ्यात चिवट. भरतीच्या वेळी एक शिकाऊ डॉक्टर येऊन विचारतो, ‘कब से दर्द है?’ आई सहज म्हणाली, ‘दस साल तो हो गए बेटा.’ त्याने तेच लिहिलं. आणि पॉलिसी होती दहा वर्षांच्या आतली. झालं, म्हणजे हा आजार पॉलिसीच्या आधीचा आणि तुम्ही लपवलात! खोटं सांगा असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षांपूर्वी जिना चढून पाय भरून येणं वेगळं आणि डॉक्टरने सांधे झिजल्याचं निदान करणं वेगळं. निदानाची पहिली चिठ्ठी शोधून ठेवा, तिची तारीख सांगा आणि पेशंटलाही तेच सांगायला शिकवा. आमच्यासाठी सर्जनने निदानाच्या तारखेसह लेखी खुलासा दिला, तेव्हा गाडी हलली.

पॉलिसी पाच वर्षं, म्हणजे सलग ६० महिने चालू असेल, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिने. सांधेबदलाची वेगळी प्रतीक्षाही पॉलिसीत लिहिलेली असते, ती ऑपरेशन ठरायच्या आधीच वाचा. दावा नाकारलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी ते कार्यालय भोपाळला आहे आणि फी लागत नाही.

इम्प्लांटचं राहिलंच. ऑगस्ट २०१७मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची तेव्हाची मर्यादा ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा. नंतर आकडे थोडे हलले आहेत. बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळे दाखवायला हवेत. खोक्यावरचे स्टिकर फाईलला लावलेत का ते डिस्चार्जआधी बघा: मांडीकडचा भाग, नडगीकडचा भाग आणि मधला प्लास्टिकचा तुकडा, प्रत्येकाचं वेगळं. गुडघ्याची वाटी बदलली असेल तर तिचंही, शिवाय हाडाच्या सिमेंटचं. एक स्टिकर नसलं तरी अंतिम मंजुरी लटकते.

ऑपरेशनआधी गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर सर्जनला आवर्जून सांगा. जंतुसंसर्गाचा धोका नको म्हणून त्यानंतर निदान तीन महिने थांबतात. किडलेले दात आणि लघवीचा संसर्ग आधी निपटवा, साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट आटोक्यात आणा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने नको.

आणि हो, प्रत्येक दुखरा गुडघा बदलायचा नसतो. ग्रेड १-२ला मांडीचा स्नायू भक्कम करणं हाच खरा उपाय. पाठीवर झोपून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, तो गुडघ्याने खाली दाबायचा, पाच ते दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल आधी, पोटातल्या गोळ्या नंतर, कारण त्या मूत्रपिंड, रक्तदाब आणि पोट तिन्हींना नडतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बरेच जण ती उलट्या हातात धरतात. उकिडवं बसणं आणि भारतीय संडास बंद. उपचारांचे हे कागदही जपा, क्वेरीची तिसरी मागणी तीच.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. घरी आल्यावर माया करणारी माणसं गुडघ्याखाली उशी देतात. ती काढून टाका, पाय वाकलेलाच आखडतो आणि मग सरळ करायला फिजिओला घाम फुटतो. उशी टाचेखाली चालते. पावलं वर-खाली हलवत राहायची म्हणजे पोटरीत रक्त साकळत नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखली किंवा दम लागला तर सकाळची वाट बघू नका. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. जखमेच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर लागते, ती घाबरण्याची गोष्ट नाही. गुडघा काही महिने कोमट आणि सुजरा राहतो. मात्र जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर लगेच सर्जनकडे.

फिजिओ घरी बोलावणार असाल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किती दिवस, रोज किती वेळा ते लिहून घ्या आणि प्रत्येक पावतीवर तारीख घाला. डिस्चार्जनंतरचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या दिवसांपर्यंत मागता येतो, पण चिठ्ठीशिवायची पावती परत येते.