गच्ची, ३८ वा दिवस

मागच्या जूनमध्ये मी एका फेमस ॲपमध्ये आख्ख्या आयुष्याचा डॅशबोर्ड बनवला होता. दोन वीकेंड त्यात गेले, घरचे नाशिकजवळच्या सोमेश्वरला कणसं खायला गेले आणि मी लॅपटॉपवर आयकॉन निवडत बसलो. २३ गोल्स, त्याखाली प्रोजेक्ट, त्याखाली टास्क, वर टक्क्यांची हिरवी पट्टी. दिसायला एक नंबर. जुलैत एकदा उघडलं आणि त्यानंतर थेट गणपतीत, ते पण मेव्हण्याला दाखवायला.

दिवाळीत मामाकडे गेलो, दिंडोरीकडे. मामा बागेत उभा, कुणाचातरी फोन आला तर सरळ म्हणाला, "आज अठ्ठाविसावा दिवस, डावणीचा फवारा उद्याच घ्यावा लागंल." (डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.) तारीख नाही, वार नाही. द्राक्षवाल्यांचं तसंच असतं, ऑक्टोबर छाटणी झाली की दिवस मोजायचे, फुलोरा, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) सगळं त्या आकड्यावर. खिशात डायरी, प्लॉटला एक पान आणि रोजची एक ओळ: "२८. डावणी. पाऊस नाही. पानं बरी." मी विचारलं, मामा यात गोल कुठे लिहिलाय? "अरे, माल काढायचाय हे काय लिहून ठेवायचं?"

येताना गाडीत तेच डोक्यात. माझ्याकडे किती टक्के झालं ते दिसत होतं (टाकणारा मीच, म्हणजे गप्पाच त्या) पण कुठल्या कामाला हात लावून किती दिवस झाले ते कुठेच नव्हतं.

मग साधी गूगल शीट केली. एक गूगल फॉर्म, त्यात दोनच रकाने, कामाचं नाव ड्रॉपडाउनमधून आणि काय केलं त्याची एक ओळ. फॉर्मची लिंक मोबाईलच्या होमस्क्रीनवर, म्हणजे सातपूरहून घरी येताना सिग्नलला गाडी थांबली की भरून मोकळा (बायकोने हे वाचू नये). टाइमस्टॅम्प आपोआप पडतो. दुसऱ्या टॅबमध्ये मॅक्सइफ्स (अटीत बसणाऱ्यांतला सगळ्यात मोठा आकडा देणारं सूत्र) लावून प्रत्येक कामाची शेवटची तारीख उचलली आणि टुडे म्हणजे आजच्या तारखेमधून ती वजा केली, झाला दिवसांचा आकडा. दहाच्या वर गेला की सेल लाल.

पहिल्याच दिवशी आकडा आला उणे ०.४२. अर्धा तास डोकं खाजवलं, मग कळलं की टाइमस्टॅम्पमध्ये वेळ पण असते आणि टुडे म्हणजे आजचा दिवस सुरू होतानाची रात्री बाराची वेळ, त्यामुळे सकाळी दहाला भरलेली नोंद त्याच्यासाठी पुढची. टाइमस्टॅम्पला इंट हे सूत्र लावलं, अपूर्णांक उडाला, शून्य आलं.

मामा छाटणीपासून मोजतो, मी शेवटचा हात लावल्यापासून, कारण माझ्या कामांना मोसम नाही, ती नुसती पडून राहतात. २३ पैकी ५ ठेवली. बाकीची काढताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, काही नाही वाटलं. गिटार तर विकलीच. आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायचं काम मात्र दोन वर्षं रखडलेलं, ते शीटमध्ये लाल झालं आणि मी त्याच रविवारी फोन घेऊन तिच्यासमोर बसलो, ६ ओव्या झाल्या, सातवीला तिला झोप लागली.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग ३८ वर आहे. ठेकेदाराला एक फोन करायचाय फक्त, पण जूनला अजून वेळ आहे ना.