सोमवारी दुखणारं पोट

सुरुवात पोटदुखीने झाली. मुलगी दहा वर्षांची. शाळेची वेळ झाली की पोट धरून बसायची, कधी उलटीही व्हायची. गावातल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, मग लघवी, रक्त, सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. "नाटकं करते," हे घरात पहिल्यांदा मीच बोलले. ते शब्द मला आजही टोचतात, कारण तिचं पोट खरंच दुखत होतं. भीती मनात असली तरी ती पोटात जाणवते, हे मला फार उशिरा समजलं.

सुट्टीत एकदाही दुखलं नाही. शाळा उघडायच्या आदल्या रात्री पुन्हा सुरू, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ शहरात. दोन बस, अख्ख्या दिवसाचं काम बुडणार. पण त्याहून जड गेली ती गावची नजर. बसमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हटलं, दात दाखवायला. पोरीने वर माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फ्रॉकची कड चुरगाळत बसली. हे लपवायचं असतं, एवढं ती त्या एका वाक्यातून शिकली.

डॉक्टरांनी मुलांच्या वागण्याबद्दल आणि भावनांबद्दल २५ वाक्यांचा फॉर्म दिला, एसडीक्यू नावाचा. 'खरं नाही', 'थोडंफार खरं', 'अगदी खरं' यांतून निवडायचं. एक मी भरायचा, एक वर्गाच्या बाईंनी. त्यातलं तिसरंच वाक्य डोकेदुखी-पोटदुखीचं होतं! म्हणजे हे आमच्याच घरात घडत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयाच्या सात मुलांपैकी एकाला मानसिक आजार असतो, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या वर्गात २८ मुलं आहेत. परतीच्या बसमध्ये मी हिशोब करत बसले.

निदान चिंतेच्या आजाराचं झालं. औषध दिलं नाही, पायऱ्या आखून दिल्या. आधी फक्त फाटकापर्यंत, मग दहा मिनिटं वर्गात, मग अर्धा दिवस, आणि सगळ्यात शेवटी मोठ्याने वाचन. प्रत्येक वेळी भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे, आणि भीती उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. चौथ्या दिवशी ती रडली आणि मी तिला उचलून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी फाटकालाच नऊ गुण! पळून आलं की भीती वाढते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला ते सोसवलं नाही, एवढंच.

पुढचं समुपदेशन फोनवर झालं. रेंज गच्चीवरच यायची, म्हणून आम्ही दोघी तिथे बसायचो. काकूंना मी खरं सांगून टाकलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग हळूच स्वतःच्या नातवाबद्दल विचारू लागल्या.

बाईंचे उपकार मात्र फिटणार नाहीत. त्यांनी तिला कधी सगळ्यांसमोर उभं केलं नाही. वाचनाची पायरी अजून चालू आहे. रोज एक ओळ, बाईंच्या टेबलाजवळ उभं राहून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात. कालचे गुण चार.