चौदा नंबरची खोली

हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, लघवी... सगळं सिस्टरांनी खणखणीत आवाजात वाचलं. शेवटच्या ओळीला आवाज एकदम खाली. "आणि ती एक, चौदा नंबरला." ती म्हणजे कसली? "सगळ्यांचीच करतात, जा तुम्ही."

मला तिसरा महिना होता, सोबत सासूबाई. सरकारी दवाखान्यात नाव घालणं, वजन, बीपी अर्ध्या तासात उरकलं होतं. चौदा नंबरच्या दारावर 'आयसीटीसी' (समुपदेशन आणि तपासणी केंद्र) लिहिलेलं आणि समोरच केसपेपरची रांग. बाकावर सव्वा तास बसलो. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "कसली गं तपासणी?" मी दोनदा "रक्ताची" म्हणाले. म्हणजे मीही सिस्टरांसारखीच कुजबुजले की! तेवढ्यात तिथले शिपाईमामा दार उघडून ओरडले, "एचआयव्हीवाली कोण आहे?"

अख्खी रांग वळली. सासूबाईंनी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचू लागल्या. माझे कान तापले. उत्तर न देता आत गेले.

आत मात्र समुपदेशक मॅडमनी आधी दार लावलं. प्रत्येक गरोदर बाईला ही तपासणी करायला सांगतात. लागण निघालीच तर लगेच गोळ्या सुरू करून बाळाचा धोका खूप कमी करता येतो, म्हणाल्या. मग संमती विचारून सही घेतली. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत, हे त्यांच्याकडूनच कळलं. मग मामांना कोणी सांगायचं? मी तिथेच तक्रार केली. मॅडम ओशाळल्या, "सांगते त्यांना."

सुई टोचायला एक मिनिट. रिपोर्ट निगेटिव्ह. सासूबाई घ्यायला गेल्या तर मॅडमनी दिला नाही, मलाच बोलावलं. बरं वाटलं.

नवऱ्याचीही करा म्हणाल्या. तो घरी उखडला, "मला कशाला?" चार दिवस अबोला. तुमच्याकडेही असं झालं तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन लावून त्याच्याच हातात द्या, फुकट आहे. मला हे उशिरा सुचलं. आणि हो, नुकतीच लागण झाली असेल तर तपासणीत दिसेलच असं नाही, शंका असली तर पुन्हा कधी यायचं ते विचारून घ्या.

शनिवारी तो आला. बाकावर बसलाच नाही, पार पाण्याच्या टाकीजवळ उभा. मामांनी दार उघडून तोंड उघडायच्या आत धावत आत शिरला.