ह्यो वैतागत न्हाई

"बाई, ह्यो वैतागत न्हाई."

चौथीतला पोरगा मोबाईलकडं बोट दाखवून म्हणाला आणि मी वह्यांतून मान वर केली.

मोबाईल धडा वाचून दाखवतो, वाचतो तो शब्द पिवळा होतो. गडी 'सूर्य'वर अडला होता. पुन्हा पुन्हा त्याच शब्दावर बोट. मी मोजलं, ११ वेळा. मग स्वतःशीच म्हणतो, "र बोलायचा आधी, आन बसायचा य च्या डोक्यावर, व्हय?"

रफाराची ही गोची मी जूनपासून सांगतेय त्याला!

कोरेगावकडची आमची शाळा, दोन शिक्षक, चार वर्ग. खरं सांगू? तिसऱ्या वेळेलाच माझा आवाज चढतो. पोरांना तो बरोबर कळतो.

अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचता-लिहिताना असं सतत अडणं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली, पण तपासणीला साताऱ्याला जायचं तर त्याच्या आईचा भांगलणीचा रोज बुडतो. तोवर माझा जुना मोबाईल आणि त्याचं बोट.

शाळा सुटताना विचारलंच, "मी लई वैतागते का रे?"

दप्तर पाठीला लावत त्यानं जरा विचार केला.

"लई न्हाई."